आवक

पहाटे चारला बर्फाची गाडी येते
तेव्हा मंगळवारी बाजारात तिघंच जागे असतात :
भागरथा नान्हे, एक लंगडं मांजर,
आणि वही घेऊन मी.

गाडीच्या मागच्या फटीतून पाणी गळतं,
विशाखापट्टणमपासून गळत आलेलं.
मे महिन्यात ते उजाडायच्या आत वाळतं
आणि डांबरावर पांढरी रेघ राहते.
मी एकदा बोट लावून चाखली.
खारट.
शून्य मैलाच्या दगडापासून
पायी जाता येईल एवढ्यावर, समुद्र.

भागरथाने समुद्र पाहिलेला नाही.
तिचा बाप वैनगंगेत जाळं टाकायचा,
त्यानेही पाहिला नाही.
पण विळीचा पाट पायाखाली दाबून
ती पहिली तारली उभी चिरते,
अंगठा आत फिरवते
आणि तिकडे काय चाललंय ते सांगते.

“चरबी नाही जी, मास्तर. लिहा.”

लिहितो : तारली, अकरा क्रेट, बारीक.
शेऱ्याचा रकाना मालकाने ठेवलाच नव्हता,
मी पट्टीने आखून घेतला.
एकोणीस वर्षं भरतोय.
पोट हिरवं. पोट रिकामं. अंडी लवकर.
बांगडा नाहीच.
भागरथा म्हणते, पाणी तापलं असन.

तापलं तर काय होतं
ते पुतणीने सांगितलं, उत्पलाने,
कोचीला शिकते ती, दिवाळीला आली तेव्हा.
वारा किनाऱ्यावरून वरचं पाणी ढकलतो, काका,
मग खालचं गार पाणी वर येतं.
आणि खाली काय असतं?
वरून पडलेलं सगळं. मेलेलं, कुजलेलं. खत.
ते उजेडात आलं की
डोळ्यांना दिसत नाही असं गवत माजतं.
गवतावर सुईच्या टोकाएवढे जीव,
त्यांच्यावर तारली, तारलीवर सुरमई,
आणि सुरमईवर, ती हसली,
तुमची सिव्हिल लाइन्स.
पण वरचं पाणी फार तापलं
की हलकं होऊन सायीसारखं बसतं.
वारा ढकलून ढकलून दमतो.
कोठी भरलेली असते खाली,
आणि कुलूप.

भागरथाला मी हे सगळं सांगितलं,
गवताचं, सायीचं.
ती खवले काढत राहिली.
“मंग वाढणारंच नाही कोणी,” म्हणाली.
“आमच्या तलावातबी असंच होते.
एकदा ढवळून निघाला पाह्यजे तलाव.
नाही त मासा पहाटेले तोंड वर काढते,
हवा प्यायले.”
तिने तोंड उघडून दाखवलं, कसं काढतो ते.
मला बघवलं नाही.

आज एक भोजनालयवाला आला,
भावावरून हुज्जत घालत.
समुद्रातले मासे संपले का बाई?
“मासे हायेत,” भागरथा म्हणाली.
“उपाशी हायेत.”
त्याने अर्धा क्रेट उचलला
आणि त्यातलेही दोन बदलून मागितले.

ऊन चढलं. बर्फाचा भुसा झाला.
गोण्या ओल्या करताना ती म्हणाली,
“मास्तर, ते पान काढा जी.”

कुठलं ते विचारावं लागलं नाही.
सात वर्षांपूर्वीचा ऑक्टोबर.
त्या दिवशी तिचा अंगठा बाहेर आला
तो हिरवा, तुपात बुडवल्यासारखा,
आणि फडकं सापडेना म्हणून
तिने तो माझ्या वहीलाच पुसला,
शेऱ्याच्या रकान्यात.
मी तेव्हा चिडलो होतो.

डाग अजून आहे.
कागद तिथे पारदर्शक झालाय,
मागच्या बाजूचे आकडे उलटे दिसतात.
भागरथाने पान नाकाशी नेलं,
बराच वेळ धरलं.
“हाये,” म्हणाली, “थोडासाक हाये.”

मांजर क्रेटपाशी आलं,
हुंगलं,
आणि कोंबडीवाल्याकडे निघून गेलं.
मी तेही लिहिलं.